एक घंटी थांबायची

दिगंबरकाकांनी आजवर एकाही राजाला सुखानं मरू दिलेलं नाही.

म्हणजे असं, की स्टेजवर राजा विषाचा पेला हातात घेऊन उभा आहे, पेटीवाल्यानं गंभीर सूर धरलाय, बायकांचे पदर डोळ्यांकडे निघालेत, आणि नेमक्या त्या क्षणी तिसऱ्या रांगेतून आवाज येतो, 'टक्!' पूर्वी कंडक्टरच्या हातात तिकिटाला भोक पाडायचा लोखंडी चिमटा असायचा ना, त्याचा आवाज. सगळा मांडव श्वास रोखतो. बाभुळगावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, की एकदा 'टक्' म्हणजे राजाचा स्टॉप आलाय, अजून उतरता येईल. राजा मात्र लिहून दिल्याप्रमाणे पेला ओठाला लावतो. मग 'टक् टक्'. संपलं, गाडी सुटली! आणि मागोमाग काकांचा सुस्कारा सगळ्या मांडवाला ऐकू जातो, "गेला लेकाचा! कोनी सांगतलं होतं प्याले? सांडून द्याचा ना!"

हे मी ऐकीव सांगत नाही. तो राजा बहुतेक वेळा मीच असतो. बाभुळगावात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. वर्षभर मी लोकांचे सातबारे आणि आधार कार्डं छापतो आणि माघात एकदा नाटक लिहून त्यात मरतो. दरवर्षी शोकांतिकाच का, असं लोक विचारतात. त्याचं कारण सोपं आहे. आमच्या मंडळात हसवणं कुणालाच जमत नाही, मरणं मात्र सगळ्यांना येतं.

काका माझ्या समोरच्याच घरात राहतात. सारी हयात एसटीच्या लाल गाडीवर कंडक्टर म्हणून गेली. चामड्याच्या बॅगेनं एक खांदा कायमचा खाली ओढून ठेवलाय. उभे राहतात तेव्हा पाय फाकवून, जमीन कधीही करकचून ब्रेक मारेल अशा तयारीनं. घरी चार पाहुणे आले की ते दारातूनच ओरडतात, "चला, पुढे सरका, मधात जागा आहे!" चहा देऊन झाला की सगळ्यांवरून नजर फिरवून विचारतात, "कोनी राह्यलं का?" त्यांची बायको, शांताकाकू, म्हणतात, "लग्नात अंतरपाट धरला तवाबी हे खालून पाहून राह्यलते, कोनी बिनतिकिटाचं चढलं का म्हून."

शोकांतिका या विषयावर जाडजूड पुस्तकं लिहिली गेली आहेत म्हणे. काकांनी त्यातलं एकही वाचलेलं नाही, आणि त्यांना त्याची गरजही वाटत नाही. त्यांचा सिद्धान्त तयार आहे आणि तो ऐकल्याशिवाय माझ्या दुकानातून झेरॉक्स घेऊन कुणाला बाहेर पडता येत नाही.

"हे पाह्य लेखकराव, नशीब म्हणजे ड्रायव्हर. गाडी तोच चालवते. डांबरावरून न्याची का खड्ड्यातून, त्याची मर्जी, आपल्याले विचारत नाही. कबूल! पण घंटी? घंटी कोनाच्या हातात असते? कंडक्टरच्या! एक घंटी थांबाची, दोन घंट्या जाची. एक घंटी मारली का कितीबी मोठा ड्रायव्हर असो, त्याले थांबाच लागते. आन् हे तुहे राजे-महाराजे! सगळे खिडकीत बसून राह्यले, एकानंबी दोरी ओढली नाही, आन् खड्ड्यात गेल्यावर म्हणतात नशीब. अरे नशीब कायचं? हलगर्जीपणा!"

हा 'हलगर्जीपणा' ते असा उच्चारतात, की त्या राजाची वेतनवाढ रोखली जाणार याची आपल्याला खात्री पटते.

त्यांच्या या चिमट्यानं आमच्या मंडळाचं काय केलं, त्याचा एकच नमुना सांगतो. एका वर्षी राजपुत्राचं काम गजू टेलरकडे होतं. बायकोवर संशय घेऊन, तिचं एक अक्षर न ऐकता राजपुत्र निघून जातो, ती विहीर जवळ करते, तो वेडा होतो, आणि त्याचा बाप, म्हणजे मी, टाचा घासून मरतो, असं ते चार अंकी प्रकरण होतं. दुसऱ्या अंकात बायको म्हणाली, "नाथ, माझं ऐकून तरी घ्या!" गजूनं पाठ फिरवली. 'टक्!' गजू थबकला. गजूनं मागं पाहिलं, काकांकडे पाहिलं, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "बरं, सांग मंग, काय म्हणतेस?"

झालं! बायकोचं काम करणारी बाई आधीच बोलकी. तिनं सगळा गैरसमज खुलासेवार दूर केला. गजू म्हणाला, "असं होय! मला वाटलं..." आणि दोघं हातात हात घालून आत गेली. पडदा ओढणाऱ्याला काही सुचेना, त्यानं ओढून टाकला. दोन अंक शिल्लक होते, मी आत पांढरी दाढी लावून मरायच्या तयारीत बसलो होतो, आणि बाहेर लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते! मंडळानं केलेलं सर्वांत उत्तम नाटक कोणतं, असं आजही गावात कुणालाही विचारा. ते त्याच अर्ध्या नाटकाचं नाव घेतील. दाढी सोडवताना मला रडू आलं होतं. काका मात्र गजूला मिठी मारून सांगत होते, "शाब्बास रे वाघा! तू एकटाच उतरलास गाडीतून!"

आता काकांच्या शेजारच्या खुर्चीबद्दल. नाटक पाचला असलं तर काका चारला येतात. हल्ली दहाला स्पीकर बंद करावा लागतो, म्हणून आम्ही उजेडातच नारळ फोडतो. ते तिसऱ्या रांगेत कडेची खुर्ची धरतात आणि शेजारच्या खुर्चीवर आपला दुपट्टा टाकतात, बसच्या खिडकीतून सीट धरायला टाकतात तसा. कुणी बसायला गेलं की, "ती रिझर्व आहे." मांडवात मुंगी शिरायला जागा नसली तरी ती खुर्ची रिकामी. एकदा तर सरपंचबाईंना त्यांनी तिथून उठवलं. आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्याला पाय पसरायला जागा हवी असेल.

ती जागा बापूरावांची होती, हे मला शांताकाकूंनी सांगितलं.

बापूराव म्हणजे काकांचे ड्रायव्हर, उमरखेडचे. कंडक्टर लोक 'माझा ड्रायव्हर' असं म्हणतात तेव्हा ते आपण 'माझा भाऊ' म्हणतो त्या चालीवर असतं. दोघांची जोडी वर्षानुवर्षं एकाच गाडीवर. मुक्कामी ड्युटी असली की संध्याकाळी शेवटच्या गावाला गाडी उभी करायची, गाडीतच झोपायचं, पहाटे निघायचं. डबा एक, पांघरूण एक. आसपास कुठं जत्रेत नाटक असलं, दंडारीचा खेळ असला, की दोघं जाऊन हजर. बापूराव रडके प्रेक्षक, काका भांडके. बापूराव दुपट्ट्यानं डोळे पुसत म्हणायचे, "दिग्या, नशिबापुढे कोनाचं चालत नाही रे." काका म्हणायचे, "घंटी होती ना त्याच्यापाशी!" असं वाद घालत दोघं गाडीपर्यंत यायचे आणि पाठीला पाठ लावून झोपायचे.

आणि मग एका जत्रेत ते नाटक आलं. त्यातला राजा कानफुंक्यांचं ऐकून आपल्या जुन्या सरदाराला हाकलून देतो आणि शेवटी एकटा मरतो. बापूराव त्या दिवशी हुंदके देऊन रडले. काकांनी नेहमीप्रमाणे राजाचा हलगर्जीपणा काढला. बापूरावांना ते लागलं. वाद नाटकावरून गाडीवर आला, गाडीवरून खानदानावर, आणि सकाळी गाडी सुटली तरी तो चालूच. एका फाट्यावर काकांनी एक घंटी मारली. एका बुढीला उतरायचं होतं, तिच्या काखेत कोंबडी. आणि बापूरावांनी गाडी थांबवलीच नाही! वर आरशातून ओरडले, "नशिबात असन तर थांबन!"

बुढी पुढच्या गावाला गेली. कोंबडी सुटून ड्रायव्हरच्या सीटखाली शिरली. बुढीनं दोघांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. इथवर हसण्यासारखंच होतं. पण काकांचं डोकं फिरलं आणि भर गाडीत ते बोलून गेले, "तुले गाडी कोनं देल्ली बे? तुह्या भरोशावर तर कोनी बैलबंडीतबी बसू नये!"

ज्या माणसाच्या हातून आयुष्यात गाडीला ओरखडा उमटला नव्हता, त्याला त्याच्याच पॅसेंजरांसमोर हे ऐकावं लागलं. डेपोत जाऊन बापूरावांनी ड्युटी बदलून मागितली. तेव्हापासून दोघांत बोलणं नाही. दोघं रिटायर झाले. काकांच्या मुलीचं लग्न झालं, तेव्हा काकांनी पत्रिका पाठवली नाही, कारण "तो खरा असता तर बिनपत्रिकेचा आला असता." बापूरावांनी घर बांधलं, त्याला काका गेले नाहीत, कारण "बलावलं कुठी त्यानं?" म्हणजे पाहा, स्टेजवरच्या साऱ्या राजांना थांबा थांबा म्हणून ओरडणाऱ्या या माणसाच्या हाताशी रोज दोरी लोंबत होती, आणि हा रोज ती सोडून बाकी सगळं ओढत होता! मला ते ऐकून हसूही आलं आणि रागही आला.

काकू हे सगळं मला उगीच सांगत नव्हत्या. मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. त्या दुकानात आल्या, झेरॉक्स वगैरे काही काढायचं नव्हतं. स्टुलावर बसल्या.

"बापूभाऊचं नागपूरले हार्टचं ऑपरेशन झालं रे. वणीच्या लग्नात त्यायची सून भेटली मले. लय खंगले म्हणे. ह्यायले सांगतलं तर दोन दिवस धड जेवले नाही, पण फोन काही लावला नाही. म्हणतात, त्यानं कळवलं का मले? आता काय बोलाव ह्या मानसाले? एखाद्या दिवशी दोघायतला एक जन जाईन, आन् दुसरा इथं बसून नुसता टक् टक् करत राहीन."

"मी काय करू काकू?"

"तू नाटकं लिहितेस ना? मंग एखाद्या राजाले भांडव आपल्या दोस्तासंग. आन् स्टॉप चांगला मोठा ठेव. ह्यायले दिसला पाह्यजे."

इतकी स्पष्ट मागणी माझ्याकडे आजवर कुणीच केली नव्हती. मी पेटलोच! दुकानाचं शटर अर्धं ओढून आठवडाभर लिहीत बसलो. नाटकाचं नाव 'चंद्रसेनाचं प्राक्तन'. राजा चंद्रसेन आणि त्याचा सारथी वीरभद्र यांची जिवाभावाची मैत्री. एका दुफाट्यावर रथ कुठल्या वाटेनं न्यायचा यावरून दोघांचं बिनसतं. सारथी जातो. पुढे तो नदीपल्याड झोपडीत आजारी पडतो. दूत राजासमोर उभा आहे, राजानं एक शब्द दिला तर दोस्त परत येईल. पण राजा म्हणतो, "त्याला यायचं असेल तर तो येईल." या वाक्याआधी मी इतका मोठा थांबा लिहिला, की त्यात दोन बसगाड्या आरामात उभ्या राहाव्यात. राजा अर्थात मी. सारथी गजू. तालमीत गजूला बजावलं, "बाबा रे, या वेळी मनानं बरं व्हायचं नाही."

प्रयोगाचा दिवस उजाडला. माझ्या डोक्यावरून मुकुट दोनदा पडला. पडद्याच्या फटीतून पाहिलं. काका तिसऱ्या रांगेत, शेजारी दुपट्टा, मागच्या रांगेत काकू. मांडव खच्चून भरलेला. पहिल्या अंकात काकांचा चिमटा नेहमीसारखा वाजला. प्रधानानं लाच घेतली, 'टक्'. राणी रुसली, 'टक्'. मंडळी खूश! दुसऱ्या अंकात मी आणि गजू दुफाट्यावर भांडायला लागलो, आणि चिमटा थंडावला.

मग तो प्रवेश आला. दूत उभा. मी फेऱ्या मारतोय. "जा दूता, त्याला सांग..." असं म्हणून मी थांबलो. आता वाजेल, मग वाजेल. काही नाही. पेटीवाल्यानं सूर लांबवला. पडद्यामागून गजूनं, आजारी होता ना तो, स्वतःच्या अकलेनं दोन जादा उबळी काढल्या. तरी काही नाही. मी फेरी मारून आलो आणि वाक्य पुन्हा म्हटलं, "जा दूता, त्याला सांग..." आता सगळा मांडव माना वळवून काकांकडे पाहत होता. मागून कुणीतरी ओरडलं, "काका, स्टॉप आला!"

काका चिमटा मुठीत आवळून बसले होते. स्टेजवरून मला त्यांचा चेहरा दिसत होता. ते माझ्याकडे पाहतच नव्हते, शेजारच्या खुर्चीकडे पाहत होते.

मी तरी किती वेळ उभा राहणार? म्हणून टाकलं, "त्याला यायचं असेल तर तो येईल." पुढे गजू गेला, मागोमाग मी गेलो. आयुष्यात पहिल्यांदा स्टेजवर मी निर्विघ्नपणे मेलो, आणि खरं सांगतो, काही मजा आली नाही.

नाटक संपलं की आम्ही तोंड पुसायच्याही आधी काका आमच्या मेकअपच्या खोलीत पंचनामा करायला येतात. त्या दिवशी आले नाहीत. मग मीच मुकुटासकट खाली उतरलो. लोकही भोवती गोळा झाले होते, पंचनामा ऐकल्याशिवाय घरी कोण जातंय!

"काका, चंद्रसेनाचा स्टॉप कोणता?"

काका खाली मान घालून बसलेले. वर न पाहताच म्हणाले, "त्याच्या हातात काय होतं रे? समोरच्यानं तरी याव ना. नशीबच तसं त्याचं."

नशीब! दिगंबरकाकांच्या तोंडून! एक जण हसायला लागला आणि मध्येच थांबला. तेवढ्यात मागून काकू म्हणाल्या, अगदी शांतपणे, "मंग बापूभाऊ बराबरच म्हणत होते म्हणा."

काकांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. त्यांनी खुर्चीवरचा दुपट्टा उचलला, त्यावर कणभर धूळ नव्हती तरी झटकला, आणि गर्दीतून वाट काढत निघून गेले. "पुढे सरका" सुद्धा म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर वर करतोय तर खाली आधी खाकी पँट दिसली, मग इस्त्रीचा पांढरा सदरा, मग काका.

"लेखकराव, तुह्या नाटकात चूक आहे."

"कोणती?"

"राजा दूत कायले पाठवते? सोता जाव ना! पाय मोडले होते का त्याचे?" आणि दम घेऊन म्हणाले, "चाल."

"कुठं?"

"उमरखेड."

मी शटर तसंच खाली ओढलं. यवतमाळच्या स्टँडवर उमरखेडची गाडी लागल्याबरोबर काकांनी खिडकीतून दुपट्टा फेकून दोन सीटा धरल्या, इतक्या सफाईनं की बाजूच्या कॉलेजच्या पोरांनी वळून पाहिलं. कंडक्टर एक तरुण बाई होती, हातात मशीन. तिनं विचारलं, "कुठं जायचं बाबा?" हा प्रश्न ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांना विचारला, त्याला स्वतःवर आल्यावर उत्तर देता येईना. मी कोपरानं ढोसलं. "उमरखेड," काका म्हणाले. "हाफ."

आर्णी आलं. काका उठले. "मले वाटते घरचा गॅस सुरू राह्यला. उतरू आपण."

"काकू आहेत घरी. बसा."

महागाव आलं. काका पुन्हा उठले. "स्टॉप आला. स्टॉप आला का उतराचं, हे माहंच म्हणणं आहे का नाही?"

"तुमचंच आहे. पण स्टॉप आला आणि माणूस स्वतःच्या मर्जीनं बसून राहिला, तर तेही त्याच्याच हातातलं झालं की!"

काका धपकन खाली बसले. महागाव मागं पडल्यावर म्हणाले, "हे तू नाटकात टाकलं नाही." पुढे उमरखेडपर्यंत ते दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिले.

बापूरावांचं घर स्टँडपासून जवळच निघालं. अंगणात त्यांची सून तुरीच्या शेंगा सोलत होती. तिनं काकांना कधी पाहिलेलं नव्हतं, पण त्यांचे फाकवलेले पाय पाहिले आणि हसलीच. "दिगंबरकाका ना? बाबा सांगतात तसेच उभे राह्यले." आणि आत ओरडली, "बाबा, कोन आलं पाहा!"

आत दिवाणावर बापूराव. माकडटोपी, खाली गेलेले गाल, आणि गोधडीवर ठेवलेले दोन मोठाले हात.

"आला?"

"आलो."

"म्या सुनेले म्हटलंच होतं," बापूराव म्हणाले. "नशिबात असन तर येईन दिग्या."

"नशिबानं नाही आलो बे!" काका गरजले. "तिकीट काढून आलो!" आणि खिशातून ते चिटोरं काढून त्यांनी बापूरावांच्या नाकासमोर धरलं. बापूरावांनी ते हातात घेतलं, लांब धरून निरखलं.

"हाफ आहे."

"मंग! म्हातारा नाही झालो का मी?"

आणि दोघं हसायला लागले. बापूराव छातीला हात लावून हसत होते, सून घाबरून "बाबा, हळू, ऑपरेशन झालं ना" म्हणत होती, आणि चहा यायच्या आत, तुम्हाला सांगतो, चहा यायच्या आत जत्रेतला तो राजा पुन्हा उभा राहिला! त्याच्या हातात होतं, नव्हतं, होतं, नव्हतं! आवाज असे चढले की शेजारची दोन माणसं भांडण सोडवायला आली. मला इतका आनंद झाला होता, की मीही मध्ये दोन्ही बाजूंनी बोललो.

मग बापूराव दमले. उशीला टेकले. आणि म्हणाले, "दिग्या, त्या दिवशी तुही घंटी ऐकू आलती मले."

"कोनती?"

"कोंबडीवाल्या बुढीची. चांगली ऐकू आलती. ब्रेकबी लागत होते. म्याच पाय ठेवला नाही."

मी काकांकडे पाहिलं. सारा जन्म ज्या एका वाक्यासाठी ते तमाम राजांशी भांडले, ते आज समोरून आपण होऊन आलं होतं. आता काका उसळणार, टाळी मागणार, हलगर्जीपणा म्हणणार! काकांनी हात पुढे केला आणि बापूरावांच्या पायावरची सरकलेली गोधडी नीट केली.

"जाऊ दे रे," ते म्हणाले. "त्या बुढीच्या नशिबातच होतं पुढल्या गावले जाणं. आन् म्याबी त्या दिवशी तुले भर गाडीत नाही ते बोललो."

नाटकात कधी न रडलेला तो माणूस बापूरावांच्या दिवाणावर बसून घळाघळा रडला, आणि रडके बापूराव कोरड्या डोळ्यांनी त्यांच्या त्या उतरत्या खांद्यावर थोपटत राहिले.

ऊन कलायला लागलं. परतीच्या गाडीची वेळ झाली. मी म्हटलं, "काका, निघायचं?"

काकांनी खोलीत इकडे तिकडे पाहिलं. भिंतीला एक खाट उभी करून ठेवली होती. त्यांनी ती आडवी केली, दिवाणाला लागून सरकवली आणि तिच्यावर आपला दुपट्टा टाकला.

"तू हो पुढे," ते म्हणाले. "तुह्या काकूले सांग, आज मुक्कामी ड्युटी लागली."

मी चपला घालून अंगणात आलो. आतून पुन्हा राजाचं नाव ऐकू यायला लागलं होतं. फाटकाशी पोचलो तोच मागून चिमट्याचा आवाज आला. मी पाऊल उचलून ऐकत उभा राहिलो. एकदाच वाजला होता.